डास चावला : गांधी, खाज आणि फ्रीजमागचे पाणी

पावसाने जरा उघडीप दिली की आमच्या नौपाड्यातील दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. आई मुलाची पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवून पाय दाखवते. पोटरीवर पंधरा-वीस लाल पुटकुळ्या, त्यांतल्या चार-पाच नखांनी फोडलेल्या, एखादीत पू धरलेला. “डॉक्टर, याचं रक्त खराब झालंय का हो? घरात आम्ही चौघं, पण डास मेले यालाच चावतात!” मग रक्तशुद्धीचे एखादे औषध लिहून द्यावे अशी अपेक्षा असते.

रक्त खराब झालेले नसते आणि डास फक्त त्यालाच चावतात असेही नसते. चावतात सगळ्यांना. गांधी मात्र त्याला उठतात. हा फरक नीट समजला तर निम्मी काळजी कमी होते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

चावतो म्हणजे काय करतो?

चावते ती फक्त मादी. नर बिचारा फुलापानांच्या रसावर जगतो. मादीला अंडी तयार करण्यासाठी रक्तातील प्रथिने लागतात. तिची सोंड म्हणजे एक सुई नव्हे. आवरणाखाली सहा बारीक सुया असतात. काही कातडी कापतात, एकीतून ती आपली लाळ आत सोडते आणि एकीतून रक्त ओढते. या लाळेत रक्त गोठू न देणारे पदार्थ असतात. आपले शरीर भांडते ते या लाळेशी. कातडीतील विशिष्ट पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात, आजूबाजूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात, पाणी झिरपते आणि गांधी उठते. खाज येते ती त्यामुळेच.

हे भांडण वयाप्रमाणे बदलते. तान्ह्या बाळाला पहिल्या-पहिल्यांदा डास चावला तर काहीच उमटत नाही. त्यानंतर काही काळ दुसऱ्या दिवशी पुटकुळी येऊ लागते. पुढे चावल्या चावल्या गांधीही उठते आणि दुसऱ्या दिवशी टणक पुटकुळीही राहते. वर्षानुवर्षे चावून घेतल्यावर शरीर हळूहळू सरावते. म्हणून दोन ते दहा वर्षांच्या मुलांचे पाय सर्वांत वाईट दिसतात आणि आजोबांच्या हातावर काही दिसत नाही. आजोबांना डास चावलेला असतो, फक्त त्यांच्या कातडीने ते मनावर घेतलेले नसते. परदेशातून सुट्टीला आलेली नातवंडे दोन दिवसांत लालबुंद होतात, त्याचेही कारण हेच. इथल्या डासांच्या लाळेची त्यांच्या शरीराला ओळख नसते. “तिकडची मुलं नाजूक” हे आजीचे निदान तितकेसे बरोबर नाही.

काही जणांकडे डास जास्त आकर्षित होतात हेही खरे. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामाचा वास या तीन गोष्टींवरून मादी माणूस शोधते. गरोदर स्त्रिया आणि नुकतेच खेळून घामाघूम झालेली मुले तिला लवकर सापडतात. गडद रंगाचे कपडेही तिला सोयीचे. “रक्त गोड आहे” याला मात्र काही आधार नाही. मधुमेहाच्या रुग्णांनी या कारणाने घाबरू नये. लसूण खाल्ल्याने किंवा ‘बी’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्याने डास दूर राहतात, हे तपासून पाहिले गेले आहे आणि ते खरे ठरलेले नाही.

खाज कशी शमवावी?

पहिली गोष्ट, साबण आणि पाणी. चावलेली जागा धुऊन कोरडी करावी. मग बर्फाचा खडा स्वच्छ रुमालात गुंडाळून दहा मिनिटे धरावा. बर्फ थेट कातडीवर घासू नये. फ्रीज नसेल तर माठाच्या पाण्यात भिजवलेली घडी ठेवली तरी चालते. थंडाव्याने खाजेची संवेदना दबते आणि सूजही उतरते. त्यानंतर कॅलामाइन लोशन. हे गुलाबी, खडूसारखे वाळणारे औषध आपल्या आईवडिलांच्या काळापासून आहे, स्वस्त आहे आणि मुलांना सुरक्षित आहे. बाटली हलवून कापसाने लावावे, दिवसातून तीन-चार वेळा. कोरफडीचा ताजा गर लावलात तरी हरकत नाही, गार वाटते.

रात्री खाजेने मूल झोपत नसेल तर सेटिरिझिनसारखे औषध तोंडाने देता येते, पण मात्रा वयावर आणि वजनावर ठरते. मोठ्या भावाच्या बाटलीतून अंदाजाने चमचा भरू नये. आणि नखे! मुलांची नखे दर आठवड्याला कापावीत. निम्मे पू धरलेले पाय मी नुसते नखांकडे बघून ओळखतो.

आता काय लावू नये ते सांगतो, कारण दवाखान्यात येईपर्यंत बरेच काही लावून झालेले असते. चुना लावू नये. तो तीव्र क्षार आहे, नाजूक कातडी भाजते. मग डासाची जखम राहते बाजूला आणि चुन्याची जखम बरी करावी लागते. लिंबू चोळून उन्हात गेल्यास काळपट चट्टे पडतात आणि ते महिनोन्‌महिने राहतात. टूथपेस्टमधील पुदिन्याच्या अर्काने क्षणभर गार वाटते, पण पुढे कातडी चुरचुरते. गरम चमचा टेकवण्याचा उपाय कोणीतरी मोबाइलवर पाठवतो. त्याने भाजलेली मुले मी पाहिली आहेत. करू नका.

या सगळ्यांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती एका वेगळ्याच गोष्टीची. औषधाच्या दुकानात “खाजेची ट्यूब द्या” म्हटले की बऱ्याचदा जी ट्यूब हातात पडते, तिच्यात तीव्र स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतूंचे औषध असे तिन्ही एकत्र असते. खाज दुसऱ्या दिवशी थांबते, त्यामुळे ट्यूब घरात मुक्कामाला येते आणि पुढे डास, घामोळे, नायटा, मुरूम अशा सगळ्यावर तीच लागते. काही महिन्यांत कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात आणि साधा नायटा असा चिवट होतो की त्वचारोगतज्ज्ञही हैराण होतात. अनेक तीव्र स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री होऊ नये, असे केंद्र सरकारने २०१८ साली ठरवले आहे. आपणही चिठ्ठीशिवाय मागू नये. फारच मोठी गांधी असेल तर सौम्य हायड्रोकॉर्टिसोन दोन-तीन दिवस पुरते, तेही विचारून आणि चेहरा टाळून.

डास चावल्यावर काही तासांतच मुलाचा कान किंवा पापणी सुजून लाल होते तेव्हा घरचे घाबरतात. ही बहुधा लाळेचीच तीव्र प्रतिक्रिया असते. दुखण्यापेक्षा खाज जास्त असते आणि दोन-चार दिवसांत ती उतरते. पण एक-दोन दिवसांनंतर लाली पसरू लागली, जागा गरम आणि दुखरी झाली, पू आला, ताप आला किंवा जांघेत गाठ आली तर तो जंतुसंसर्ग समजावा आणि दाखवायला यावे. मधुमेह असलेल्यांनी पायावरची खाजवलेली पुटकुळी कधीही हलकी समजू नये. पुटकुळी गेल्यावर उरणारे काळे डाग हळूहळू जातात. त्यासाठी गोरे करणारी मलमे लावण्याची गरज नाही.

डास रात्रीच चावतो?

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपल्या मनात डास म्हणजे संध्याकाळी दारे-खिडक्या लावण्याची वेळ. मच्छरदाणी रात्री, कॉइल रात्री, मलम रात्री. ही सवय ज्या डासामुळे लागली तो क्युलेक्स. गटारे, नाले, सेप्टिक टाकी अशा घाण पाण्यात तो वाढतो आणि रात्री कानाशी गुणगुणून झोप मोडतो. हत्तीरोग पसरवणारा तोच. दुसरा ॲनॉफिलीस, हिवतापाचा म्हणजे मलेरियाचा वाहक. शहरात वाढणारी त्याची जात स्वच्छ पाण्यात, विशेषतः विहिरी आणि उघड्या टाक्यांत अंडी घालते. तोही संध्याकाळनंतरचाच.

तिसरा एडिस. काळा, पायांवर पांढरे पट्टे, आकाराने लहान. हा दिवसा चावतो. सकाळी उन्हे वर येईपर्यंत आणि दुपार कलल्यापासून सूर्यास्तापर्यंत त्याचा जोर असतो. आवाज फारसा करत नाही, टेबलाखाली घोट्यांवर बसतो, जरा हललात की उडून पुन्हा येतो. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही आजार हाच पसरवतो. मूल शाळेच्या बाकावर बसलेले असताना, आजी दुपारी पेपर वाचत असताना, बाळ पाळण्यात झोपलेले असताना हा आपले काम करतो, आणि त्या वेळी आपण पूर्ण बेसावध असतो. रात्री पाळण्याला जाळी घालणारी आई दुपारी ती काढून घडी करून ठेवते. डेंग्यूच्या दृष्टीने हे उलटे झाले. बाळाला दुपारच्या झोपेतही जाळी हवीच.

हे आजार परके किंवा अगदी नवे नाहीत. चिकुनगुनियाची साथ आपल्या राज्यात १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत येऊन गेली. नंतर हा आजार देशातून जणू नाहीसा झाला आणि तीस वर्षांहून अधिक काळाने, २००५-०६ मध्ये असा परतला की गावेच्या गावे सांधे धरून बसली. झिकाचा राज्यातील पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी सापडला. विषाणू जातो आणि येतो. त्याला घेऊन फिरणारा डास मात्र आपल्या घरातून हललेलाच नाही.

घरातून असे मी शब्दशः म्हणतो. ठाणे हे तलावांचे शहर, तेव्हा डास तलावपाळीवरून येतात असा आपल्याकडे समज आहे. मासे असलेल्या, वाऱ्याने हलणाऱ्या मोठ्या पाण्यात डासांच्या अळ्यांचे फारसे चालत नाही. खाडी आणि नाल्यांकडून रात्रीचे डास येतात हे मान्य. पण एडिसला हवे असते थोडेसे, स्वच्छ, न हलणारे, सावलीतले पाणी. आणि तो फार लांब उडत नाही, बहुधा शे-दोनशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे विष्णुनगरात कोणाला डेंग्यू झाला तर तो देणारा डास बहुतेक त्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत जन्मलेला असतो.

फ्रीजच्या मागे पाहिले का?

घरात पाणी कुठे साचते याची यादी प्रत्येकाला पाठ असते. पिंप, बादली, कुंडीखालची ताटली. तरीही अळ्या सापडतात त्या न सुचलेल्या जागी. फ्रीजच्या मागे खालच्या बाजूला, कॉम्प्रेसरवर, एक ट्रे असतो. त्यात वितळलेले पाणी जमते. फ्रीज घेतल्यापासून तो ट्रे पाहिलेलाच नाही अशी घरे कितीतरी. मनी प्लँटची बाटली. एसीच्या नळीखालचा डबा. खिडकीच्या वर पावसासाठी बांधलेली ताडपत्री आणि तिच्या खोलगट घडीत साचलेले पाणी. गॅलरीत चिमण्यांसाठी ठेवलेले भांडे. देवघरातला तांब्या बहुतेक जण रोज बदलतात, पण शोभेचा कलश किंवा पाणी घालून फुले तरंगत ठेवलेले पितळी घंगाळ आठवडाभर तसेच राहते. बंद असलेल्या दुसऱ्या न्हाणीघरातील कमोडही विसरू नका. गावाला जाताना त्याचे झाकण लावून जावे.

हे सगळे आठवड्यातून एकदा रिकामे करायचे. आठवड्यातूनच का? कारण आपल्या हवेत अंड्यापासून अळी, अळीपासून कोष आणि कोषापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. मधे एकदा पाणी ओतले की ती पिढी संपली. पंधरा दिवसांनी ओतलेत तर एक पिढी उडून गेलेली असते. म्हणून ‘कोरडा दिवस’ आठवड्याचाच हवा. वार कोणताही धरा.

पण नुसते पाणी ओतून भागत नाही, आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या कडेला, भांड्याच्या ओलसर भिंतीवर चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी अनेक महिने जिवंत राहतात आणि पुढच्या वेळी पाणी भरले की अळ्या बाहेर येतात. म्हणजे मे महिन्यात माळ्यावर ठेवलेले कोरडे पिंप जूनमध्ये भरले तर डास तयार. तेव्हा पिंप आणि ताटल्या आतून काथ्याने किंवा ब्रशने घासून घ्याव्यात. काढलेले पाणी बागेतल्या मातीत किंवा उन्हात ओतावे, अळ्या तिथे मरतात. ज्या दिवशी पाणी बंद असते त्याच्या आदल्या दिवशी आपण घरात असेल नसेल ते भांडे भरून ठेवतो. ते भरा, पण त्यावर झाकण घट्ट बसू द्या किंवा जुन्या सुती साडीचे कापड बांधा. घट्ट म्हणजे कडेने बोट जाणार नाही इतके.

इमारतीची गोष्ट वेगळी, कारण तिथे काम सर्वांचे असते आणि म्हणून कोणाचेच नसते. गच्चीवरच्या टाकीचे झाकण वाऱ्याने सरकलेले असते. ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाला जाळी नसते. लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचे पाणी मुरून बसते आणि डास लिफ्टबरोबरच वर जातात. दहाव्या मजल्यावर डास कसा, असे विचारणाऱ्यांना मी आधी लिफ्टचा खड्डा पाहायला सांगतो. गोखले रोड, राम मारुती रोड, भास्कर कॉलनी या भागांत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. नव्या स्लॅबवर सिमेंटचे बांध घालून पाणी साठवतात, तळघराच्या खड्ड्यात पावसाचे पाणी राहते. तिथे राहणारे मजूर आणि रखवालदाराचे कुटुंब यांना पहिला फटका बसतो, आणि तापाने फणफणलेला मजूर दोन दिवस रोजगार बुडेल म्हणून रक्त तपासायला येत नाही. त्याच्या रक्तातले हिवतापाचे जंतू घेऊन डास शेजारच्या इमारतीत जातो. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर तासभर वाद होतो. त्यातली दहा मिनिटे शेजारच्या बांधकामावर पाणी साचू नये म्हणून बिल्डरशी कोण बोलणार हे ठरवायला द्यावीत.

टाक्या तपासायला किंवा औषध टाकायला पालिकेचा माणूस आला तर त्याला आत घ्यावे. पिण्याव्यतिरिक्त वापराच्या साठ्यात तो जे टेमीफॉस टाकतो, ते ठरलेल्या अल्प मात्रेत अळ्या मारते आणि माणसाला अपाय करत नाही. विहीर किंवा शोभेचे कारंजे असेल तर गप्पी मासे सोडावेत.

दार न उघडण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईत १९०९ ते १९११ या काळात डॉ. चार्ल्स बेंटले यांनी हिवतापाचा शोध घेतला, तेव्हा मुख्य दोष दलदलीचा नसून शहरातल्या घराघरांतील विहिरींचा आहे असे त्यांना आढळले. विहिरी बुजवा किंवा पक्क्या झाका, असा निष्कर्ष निघाला. मग काय! विहिरीत देवतेचा वास आहे, धर्मकृत्याला विहिरीचेच पाणी लागते आणि त्यावर सूर्यकिरण पडलेच पाहिजेत, अशा हरकतींचा पाऊस पडला. हिंदू आणि पारशी दोघेही त्यात होते. पालिकेच्या सेवेत असलेल्या रुस्तम मसानींनी या हरकतींमुळे विहिरींविषयीच्या श्रद्धांचा अभ्यास सुरू केला आणि १९१८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. पुढे ते मुंबईचे म्युनिसिपल कमिशनरही झाले. बऱ्याच विहिरी कालांतराने बंद झाल्या, पण तोच डास मग गच्चीवरच्या टाक्यांत राहायला गेला.

फवारणीबद्दल दोन शब्द. धुराची गाडी येऊन गेली की लोकांना बरे वाटते. गाडी आली नाही तर तक्रारी होतात. धुराने त्या वेळी हवेत उडत असलेले डास मरतात. अळ्यांना काही होत नाही. एडिस तर घरात, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे बसलेला असतो, आणि धूर आला की आपण खिडक्या लावून घेतो! साथ सुरू असताना धुराला थोडा अर्थ आहे. पण फ्रीजमागचा ट्रे रिकामा करण्याची बरोबरी त्याला येणार नाही.

जाळी, मलम, कॉइल

खिडक्यांना बारीक जाळी बसवणे हा एकदाच खर्चाचा आणि सर्वांत चांगला उपाय. पंखाही कमी समजू नये. डास दुबळा उडणारा आहे, पंख्याच्या वाऱ्यात त्याला नीट बसता येत नाही आणि आपल्या उच्छ्वासाचा मागही विस्कटतो. मुलांना शाळेत आणि खेळायला जाताना पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे, सैल कपडे घालावेत. शाळांनी पावसाळ्यात अर्ध्या चड्डीचा आग्रह सोडावा असे माझे मत आहे.

अंगाला लावायच्या मलमांत आपल्याकडे बहुधा डायइथाइल बेंझामाइड असते, काहींत डीट किंवा पिकारिडिन. तिन्ही उपयोगी आहेत, मात्र परिणाम काही तासांपुरता, म्हणून सकाळी शाळेला जाताना लावलेले दुपारच्या मैदानापर्यंत टिकत नाही. उघड्या अंगावरच लावावे, कपड्यांखाली नको. डोळे, तोंड, जखमा आणि लहान मुलांचे तळहात टाळावेत, कारण हात तोंडात जातात. दोन महिन्यांखालील बाळाला काहीही लावू नये, त्याला जाळीच. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून केलेले औषध तीन वर्षांखालील मुलांना नको. सिट्रोनेला तेलाचा परिणाम फार लवकर उतरतो. मनगटी पट्टे आणि ऐकू न येणारा आवाज करणारी यंत्रे यांवर पैसे घालवू नयेत.

कॉइलविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजमाप करून असे दिसले की एक कॉइल जळताना जितके अतिसूक्ष्म कण हवेत सोडते, तितके कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातून निघतील. मूल दम्याने धापा टाकते म्हणून रात्री त्याला घेऊन येतात आणि विचारले तर कळते की त्याच्याच पलंगाखाली कॉइल लावलेली होती. बंद खोलीत कॉइल लावू नये. कडुनिंबाचा पाला जाळून धूर करणे हेही फुप्फुसाच्या दृष्टीने तेच. विजेवरचे द्रव औषध त्या मानाने बरे, पण खिडकी थोडी उघडी ठेवून आणि उशीपासून दूर. सर्वांत निर्धोक उपाय आजही मच्छरदाणी हाच आहे. ती लावायचा कंटाळा हाच तिचा एकमेव दोष.

ताप आला तर

गांधी आणि खाज यांनी कोणी दगावत नाही. डास चावल्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांनी अंगदुखीसह जोराचा ताप आला तर मात्र प्रश्न बदलतो. हिवताप त्याहून उशिराही येतो. अशा तापात मनाने घ्यायचे औषध एकच, पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे आणि दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर ठेवून. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि मुलांचा ताप झटकन उतरतो म्हणून लोकप्रिय झालेले मेफेनॅमिक ॲसिड, यांपैकी काहीही देऊ नये. डेंग्यूमध्ये रक्तस्राव आणि पोटाचा त्रास त्यांनी वाढू शकतो. कमरेत इंजेक्शन देण्याचा आग्रहही डॉक्टरकडे धरू नये. हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी ती परस्पर बंद न करता आपल्या डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.

पावसाळ्यातल्या प्रत्येक तापात हिवतापासाठी रक्त तपासून घ्यावे. डेंग्यूची ‘एनएस-वन’ ही तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर प्रतिद्रव्यांची. हिवताप निघाला आणि चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चौदा दिवस घ्याव्यात. ताप तिसऱ्या दिवशी जातो, पण यकृतात दडलेले जंतू तसेच राहतात आणि काही महिन्यांनी तोच ताप परत येतो. गरोदर स्त्रियांना या गोळ्या चालत नाहीत, म्हणून दिवस गेल्याचे आधी सांगावे.

डेंग्यू म्हटले की सगळ्या घराचे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर. आकडा सव्वा लाखावरून नव्वद हजारांवर आला की नातेवाईक रक्तपेढीत रांगा लावतात, पपईच्या पानांचा रस काढतात. रस प्याल्याने उलट्या होणारे रुग्ण मला ठाऊक आहेत, त्यावर विसंबू नये. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट चढवण्याची वेळ सहसा दहा हजारांच्या खाली येते. खरा धोका वेगळा असतो. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपते, रक्त घट्ट होते आणि रक्तदाब कोसळतो. म्हणून तापाच्या पहिल्या दिवसापासून पेज, ताक, शहाळ्याचे पाणी, मीठ-साखर-पाणी थोडे थोडे सतत द्यावे.

हा धोका ताप चढलेला असताना नसतो, उतरल्यावर असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो. मूल बरे झाले असे समजून त्याला शाळेत पाठवण्याची घाई होते. त्याच पुढच्या एक-दोन दिवसांत पोटात खूप दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, मूल एकदम मलूल होणे किंवा उगाच चिडणे यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. लघवी किती वेळा झाली ते कॅलेंडरवर लिहून ठेवावे. सहा तास लघवी झाली नाही तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात न्यावे.